आठ मात्रा गप्प

दुसऱ्याच्या लग्नात कामाला गेलेल्या माणसाकडं किस्से साठणारच! पाहुण्यांचं ध्यान पंगतीकडं, नवरा-नवरीचं कॅमेऱ्याकडं. सगळा तमाशा उघड्या डोळ्यांनी बघतो तो बँडवाला. पण बोलणार कसा? तोंडात वाद्य! मग बघितलेलं सगळं आत तुंबून राहतं. आज जरा वाट करून देतो.

आमचा बँड येरमाळ्याचा. मी दत्ता, ट्रम्पेट वाजवतो, एरवी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान. मास्तर म्हणजे करीमचाचा. क्लॅरिनेट. सत्तरी गाठलेले, दाढीला मेंदी. आधी चाचा प्रत्येकाचं नोटेशन हातानं लिहून द्यायचे. मग मी कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर आणलं. प्रत्येक वाद्याला एक ओळ. एका ओळीतला तुकडा उचलायचा, दुसरीत चिकटवायचा. कॉपी, पेस्ट, प्रिंट! मला वाटलं, आता आपल्याला कोण अडवतंय.

*

पहिल्याच गाण्याला मी चाचांची क्लॅरिनेटची ओळ उचलली आणि जशीच्या तशी सॅक्सोफोनला चिकटवली. आता सॅक्सोफोनचा 'सा' निराळा असतो, ओळ त्याच्या हिशोबानं बदलून द्यावी लागते, हे मला काय ठाऊक! ईट गावात वरात निघाली. सुरात चाचा एका गावाला आणि सॅक्सोफोनवाला सुनील दुसऱ्या गावाला. असा काही आवाज निघाला की माझ्याच अंगावर काटा आला!

शेजारच्या घरातनं एक म्हातारबाबा लगबगीनं बाहेर आले. डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं वो?"

*

दुसऱ्या खेपेला पेस्टचं बटण अडकलं. मुखडा दोनदा पाहिजे होता, तो पानंच्या पानं उमटला. मी न बघता प्रिंट काढून वाटल्या. आमचा सुनील म्हणजे कागदात असंल तेवढं वाजवणारा माणूस, जग बुडालं तरी पान संपल्याशिवाय थांबत नाही. वरात मांडवाच्या दारात आली, भटजी अक्षता घेऊन उभे, मुहूर्त टळायला लागला, आणि आमचा मुखडा काही संपंना!

मी डोळ्यांनी खुणा करतोय, सुनील मान हलवतोय आणि बोटानं कागद दाखवतोय. शेवटी नवरदेव घोड्यावरनं ओरडला, "मास्तर, बास करा की! हितंच म्हातारा करता का मला?"

*

पण खरा धक्का सोनारी गावच्या वरातीत बसला. एका गाण्यात कडव्याच्या आधी क्लॅरिनेटचा लांब चढता तुकडा आहे, चाचांची खासियत. त्या दिवशी तो अर्ध्यातच तुटला. चाचा रीड, म्हणजे क्लॅरिनेटची फुंकायची पट्टी, बिघडल्याचं निमित्त करून बँडच्या गाड्यामागं जाऊन बसले. मी बघायला गेलो तर ओठ निळे! छातीवर हात ठेवून म्हणाले, "कुणाला सांगू नको."

चाचांचं बोलणं सगळ्या बँडला पाठ होतं, "ज्या दिवशी दम पुरणार न्हाय, त्या दिवशी क्लॅरिनेट पेटीत आन् पेटी माळ्यावर." आणि त्यांच्या नातीचं, सायराचं लग्न ठरलेलं. आईबापाविना चाचांनीच वाढवलेली पोर. तिच्या बिदाईला स्वतः वाजवायचं, एवढी एकच हौस म्हाताऱ्याला.

चाचा घरी गेल्यावर मी बँडला सांगून टाकलं आणि आम्ही सगळे बसलो. त्या चढत्या तुकड्याच्या जागी चाचांना आठ मात्रा विश्रांती द्यायची ठरली. पण एकटे चाचाच थांबले तर लोकांना कळंल, आणि लोकांच्या आधी चाचांना कळंल! मग मी ती शांतताच उचलली आणि सगळ्या ओळींत चिकटवली. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ताशा, ढोल, सगळे एकदम गप्प. एका गाण्यात नाही, प्रत्येक गाण्यात!

चाचांनी नवीन कागद बघितला. मी म्हणालो, "चाचा, नवी फॅशन हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं, सुनीलकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं."

*

आता वरातीत बँड एकदम गप्प झाला तर काय होतं, याचा आम्ही विचारच केला नव्हता. आवाजात एकमेकींच्या कानात ओरडून बोलणाऱ्या बायका! आमच्या आठ मात्रा आल्या आणि नवरीच्या मावशीचा आवाज सगळ्या गल्लीत घुमला, "फेट्याखाली पार टक्कल हाय जावयाला!"

बाप रे! वरात जागच्या जागी थिजली. नवरदेवाचा हात फेट्याकडं गेला. मला वाटलं, मोडलं लग्न, आता आपल्याला मार. तेवढ्यात माडीच्या खिडकीतनं नवरीच ओरडली, "मला ठावं हाय मावशे! तू खाली बस!"

*

मग लोक आमच्या शांततेचा फायदा घ्यायला लागले. एका नवरदेवाच्या मामानं आधीच साहेबाला फोन लावून ठेवला आणि आम्ही गप्प होताच म्हणाला, "सायेब, येऊ शकत न्हाय, आमची आई लई सिरियस हाय!" आई शेजारीच नाचत होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कोण सिरियस रं, मुडद्या?"

*

आणि कहर म्हणजे, कळंबकडच्या एका बँडनं आमची ती शांतता उचलली! त्यांना वाटलं स्टाईल आहे. तेही कडव्याच्या आधी गप्प उभे राहायला लागले. मी तर तोंडातच बोट घातलं. चाचा म्हणाले, "सुरांच्या चोऱ्या लई बघितल्या. गप्प बसायची चोरी पैल्यांदाच बघतोय."

*

आता सायराच्या लग्नाचं सांगतो.

बिदाईची वेळ. गाडी सजवून उभी. चाचा नवी शेरवानी घालून बँडच्या पुढं, हातात क्लॅरिनेट. सायरानं त्यांच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की आमच्या ताशावाल्याचाही ठेका चुकला. चाचांनी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, तिला गाडीकडं लावून दिलं आणि क्लॅरिनेट ओठाला लावली.

सोनारीचंच गाणं. मी मनात म्हणत होतो, तेवढ्या आठ मात्रांपर्यंत पोचू दे रे देवा, मग म्हाताऱ्याला दम घेता येईल. आठ मात्रा आल्या. मी ट्रम्पेट खाली केलं. सुनील थांबला, ताशा थांबला, ढोल थांबला.

क्लॅरिनेट थांबली नाही!

सोनारीत जिथं तुटला होता, तोच चढता तुकडा. चाचा एकटे वर चढत गेले. डोळे मिटलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, दम कुठं तुटतोय म्हणून मी माझाच श्वास धरून बसलो. तुटला नाही. आमचं पुन्हा गाणं उचलायचं राहूनच गेलं, सगळे आ वासून उभे! गाडीत बसता बसता सायरा थांबली आणि आजोबाचा सूर संपेपर्यंत दार धरून उभी राहिली.

गाडी गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो. "चाचा, आठ मात्रा होत्या की! थांबला का न्हाय तुम्ही?"

चाचा शांतपणे दोन घोट पाणी प्यायले आणि रीड पुसत म्हणाले, "आरं, गुटखा खाऊन तुमा पोरांचा दम गेलाय, म्हणून तुम्ही थांबता. मला काय कळत न्हाय व्हय? तुमाला वाईट वाटू नये म्हणून म्या बी गुमान थांबत होतो. आज नातीची बिदाई. आज कशाला थांबू?"

चाचांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवली, पेटी माळ्यावर न टाकता काखेत मारली आणि माझ्या पाठीवर थाप दिली.

"उद्या ईटची सुपारी हाय ना? तिथं थांबतो की तुमच्यासाठी."