तारीख टाकलेली पावती

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगतो आहे, आणि सांगताना राग येतो आहे. आधी दुसऱ्यांचाच. जुनी खोड.

रोह्याला लागून वरसे आहे, तिथे आमच्या बिल्डिंगखाली संध्याकाळी पेन्शनरांचा कट्टा जमतो. परवा रोजगार हमीवर जाणाऱ्यांचा विषय निघाला आणि एकजण म्हणाला, "टॅक्स आपण भरायचा आणि ह्यांनी बसून खायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं सणकलं. का? तेच वाक्य मी नोकरीभर बोलत आलो म्हणून?

मी ग्रामसेवक होतो, पेण तालुक्यात, धरमतर खाडीकडच्या एका गावात. पगारातून व्यवसाय कर कापला गेला की चरफडायचो. तो कर मुळात रोजगार हमीसाठी आणलेला, हे ठाऊक असून. ज्याच्या हाताला काम आहे त्याने, ज्याच्या हाताला नाही त्याच्यासाठी थोडं द्यायचं—इतकी साधी गोष्ट. आणि ते थोडं द्यायच्या जागेवर बसवलेला कोण? मी.

एका वर्षी बांध फुटून मिठागर बंद पडलं. कातकरीवाडीतली चांगुणा तिथे कामाला होती. ती कामाच्या मागणीचा अर्ज घेऊन आली. आश्रमशाळेत सातवीला असलेल्या तिच्या मुलीने तो लिहिला होता; तीही सोबत होती.

"भाऊ, तारीख टाकून पावती द्या," चांगुणा म्हणाली. "काम नाय मिळालं तर हिला घेऊन घाटावर कोळशाच्या भट्टीला जावं लागंल. मंग हिची शाळा सुटली."

त्या पावतीच्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारी भत्ता. पावतीच नाही तर दिवस कुठून मोजणार? आणि काम नव्हतं असंही नाही, फुटका बांध समोर दिसत होता. पण काम काढा, हजेरी ठेवा, उशीर झाला तर खुलासे द्या—कोण करणार? वरून मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी आपणहून अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणालो, "पावती लागत नाही. वर पाठवतो."

तीनदा आली. तीनदा हेच.

चौथ्यांदा आली तेव्हा तपासणीचे साहेब आत बसले होते. रजिस्टरमध्ये मी 'मागणी निरंक' लिहिलेलं. त्यांनी विचारलं, मिठागर बंद आहे आणि काम मागायला एकही माणूस नाही? मी म्हणालो—हसत म्हणालो—"काम नकोच असतं साहेब ह्यांना. फुकटची सवय."

मान वर केली तर दारात चांगुणा. डोक्यावर बोचकं, मागे मुलगी. निघण्याआधी शेवटचं विचारायला आली होती. दोघींनी ऐकलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. आईने तिचा दंड धरला आणि भट्टीच्या टेम्पोकडे नेलं.

ड्रॉवर हाताशी होता. उघडून अर्ज साहेबांपुढे ठेवता आला असता. नाही ठेवला.

पुढच्या वर्षी आश्रमशाळेचे मास्तर म्हणाले, मुलीचं नाव पटावरून कमी केलं. मी काय म्हणालो असेन? "ह्या लोकांना शिक्षणाची किंमत नाही."

अर्ज मी तपासणीच्या दिवशीच संध्याकाळी फाडला होता. मुलीचं अक्षर चांगलं होतं.

पेन्शन दर महिन्याला येते, लोकांच्या करातून. मी बसून खातो.