नाताळच्या झाडावरचा कापूस

प्रफुल्लची माय पंचफुला फोनवर कोणाले बोलूच देत नव्हती. दर शनिवारी बाभुळगावच्या एसटीडीवर आली, रिसीव्हर हातात घेतला का सुरू. "बकरी व्याली, पायलची परीक्षा झाली, बोंडअळीनं वाट लावली पाह्य औंदा, तू जेवत जाय, ठेवते बाप्पा, मीटर पळून राह्यलं!" खटकन बंद. तिकडं इस्राएलात प्रफुल्ल फोन कानाले लावून हसत उभा. "इंदर, मी अजून हॅलोबी म्हटलं नाही रे!"

मी इंद्रजित, महागावचा. दोन हजार सहा साली आम्ही दोघं सोबतच गेलतो, ठिबक शिकाले. ते शेत साऱ्यांचं मिळून होतं. जमीन एक, सैपाकघर एक, धुणंबी एकाच जागी. इकडं आपल्या जिल्ह्यात तवा कापसानं घरोघरी रडारड लावलेली. मार्चपर्यंत शिकणं पुरं केलं का तालुक्याले ठिबकचं पक्कं काम भेटणार होतं. मधातून निघाला तो गेला कामातून. प्रफुल्लच्या घरच्याइची सारी आस त्या कामावर होती.

अन् माणूस मोठा अजब. शेतात मशीन कापूस वेचून गेली का हा तिच्या मागं. कमरेले दुपट्ट्याची ओटी बांधून राह्यलेली बोंडं वेचत जाय. मी चिडवो, "अबे, इथं कोण घेणार तुया कापूस? महागावच्या बजारात नेतं का?" तर म्हणे, "कापूस झाडावर तसाच ठेवला हे मायले समजलं तर कान पिळन मायावाला." पलंगाखाली पोतंभर जमवला पठ्ठ्यानं.

डिसेंबरात एक दिवस त्याच्या लहान्या बहिणीचा, पायलचा फोन आला. प्रफुल्ल शेतात पाइप जोडून राह्यला होता, मी सैपाकघरात भांडे घासत होतो, मलेच बोलावलं. "दादा, माय गेली," पोरगी म्हणे. "ताप आला अन् गेली. त्याले सांगू नका. मायनंच शपथ घातली, पोरगं अर्ध्यातून परत आलं तर मले मातीतबी चैन पडणार नाही म्हणे."

"अवो बाई, मी कसं लपवू?" मी म्हटलं. ती नुसती रडून राह्यली होती. आता सांगा, काय करता? मेल्या मायचा शब्द मोडाचा का जित्या दोस्ताले फसवाचं? त्याच्यासमोर जेवाले बसलो का घास खाली उतरे ना. तो विचारे, "काहून बे, बरं नाही का?" मी म्हणो, "पोट बिघडलं." शनिवारी मायचा फोन आला नाही, तवा म्हटलं, "तिकडची लाइन बंद असन."

मंग आला नाताळ. तिथले ज्यू लोकं काही नाताळ करत नाहीत, पण बाहेरदेशातून कामाले आलेले पोरंपोरी होते, त्याइचा सण. त्याइले जुना जेवणाचा हॉल देऊन टाकला. कारीन नावाची डेन्मार्कची पोरगी होती. तिनं सरूचं झाड आणून उभं केलं अन् स्वतःच डोळे पुसाले लागली. तिच्या घरी म्हणे बरफ असते, इथं नुसता चिखल. प्रफुल्लनं पलंगाखालचं पोतं ओढून आणलं. सरकी काढून, कापूस बोटानं पिंजून पिंजून त्यानं झाडावर असा पसरला का पोरीनं त्याचे हातच धरले.

"आज पंचवीस डिसेंबर," तो मले म्हणे. "आपल्या वस्तीत मनुस्मृती दहनाचा कार्यक्रम असन. माय समोरच बसली असन पाह्य."

मी खाली सांडलेली सरकी वेचाले लागलो. तेवढ्यात सैपाकघराची म्हातारी मुखिया आली अन् म्हणे, आज सणाचं साऱ्याइनं आपापल्या घरी फोन करा, शेताकडून भेट. लय मायाळू बाई, पण मले वाटलं तिचं तोंड दाबावं. मी म्हटलं, "प्रफुल्ल, लाइन लागत नाही, उद्या कर."

"चूप बे," म्हणून त्यानं नंबर फिरवला. एसटीडीवाल्यानं पोरगं धाडून विहारातून पायलले बोलावलं.

"पायल, मायले दे," तो म्हणाला. मी बाजूलेच उभा होतो. फोनातून आलं, "कसा हायेस बाप्पा?" हुबेहूब मायचा आवाज! मंग मले समजलं, पायलसोबत त्याची रुखमाबाई मावशी आली असन. दोघी बहिणीइचा आवाज एकच, हे प्रफुल्लनंच मले सांगतलं होतं. तो बोलत सुटला. झाडाचं सांगतलं, कापसाचं सांगतलं, कारीनच्या बरफाचं सांगतलं. मावशी बिचारी "हो बाप्पा", "हो का रे" करत राह्यली. मी म्हटलं, सुटलो एकदाचा.

त्यानं फोन हळूच ठेवला अन् झाडापाशी येऊन पोत्यातला उरलेला कापूस पिंजाले लागला.

"भेटली का माय?" मी विचारलं.

"आज तिनं मले सारं बोलू देलं, इंदर," तो म्हणाला. "मधात तोडलं नाही. इकडून फोन केला तरी मीटर-मीटर करे ते, आज नावबी नाही घेतलं."

मी खाली पाह्यलं.

"कधी गेली रे?"

 तिकडून कारीन बोलावून राह्यली होती, बरफ तुया आहे, मेणबत्ती तूच लाव म्हणे. तो उठला. जाता जाता म्हणाला, "मले समजलं म्हणून पायलले सांगू नको. लय घाबरन ते." त्यानं मेणबत्ती लावली, साऱ्याइनं टाळ्या पिटल्या, गाणं सुरू झालं, अन् तो त्या कापसाकडं पाहात उभा राह्यला. मी काय करू शकत होतो? मीबी टाळ्या पिटल्या.

पुढच्या शनिवारी मावशीचा फोन आला. तो तिले मायच म्हणाला.