पाठीवरची पोरं

टीव्हीवर माकडं दाखवत व्हते. लांब ब्राझील देशातली, खारीपेक्षा जरा मोठी, सोन्याच्या रंगाची, सिंहासारखी आयाळ असलेली. आता थोडीच उरल्यात म्हणं. त्यांना बहुतेक जुळंच व्हतं. आई दूध पाजती, आन् वागवायला बाप असतो, बाकीचा कळप असतो. एक मादी दोन पिल्लं पाठीवर घिऊन फांदीवरनं चालली व्हती. तिला किडा घावला, तर तिनं सवता खाल्ला न्हाई, हाक मारून पिल्लांना दिला.

टीव्हीवरची बाई म्हणाली, "ही त्यांची आई नाही. हिला स्वतःचं पिल्लू नाही."

माझी पाठ आपसूक ताठ झाली.

माझ्या जावेला जुळं झालं, तवा बारशाला बाया म्हणाल्या, "वांझेनं पाळण्याला हात लावू नये." मी चुलीपाशी जाऊन बसले. पुढं ती जाऊ तापानं अंथरुणाला खिळली, तवा त्याच बाया म्हणाल्या, "आगं, घे की त्यास्नी!" घेतली. एक पाठीला बांधलं, एक काखेत, आन् रानात तण भांगलायला गेले. दोघंबी जगली.

माणसं पोट कुणाचं ते इचारतात. त्या झाडावर पाठ कुणाची ते बघतात.

त्या जुळ्यातला शंकर शेजारीच बसला व्हता. केस पिकलेत त्याचे. म्हणाला, "मोठी आई, ही तुझ्यावानीच हाय की गं!"

"माझ्यावानी कशी? तिला शेपूट हाय."

तो हसला. मी शेंग सोलली, दाणे हातात धरले आन् म्हणलं, "ये." त्यानं तोंड पुढं केलं.