चौथं चाक शून्यावर

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून घूं घूं असा आवाज यायला लागला, तेव्हा खरं सांगतो, मला आनंदच झाला. सासऱ्यांशी बोलायला एक विषय मिळाला होता. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मी सासुरवाडीला, ओझरला गेलो की "जयभीम पाहुणे, बसा" आणि "रस्त्याला गर्दी होती का" एवढ्यावर आमचं बोलणं आटोपायचं. मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका शाळेत कारकून, ते विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. मी त्यांना मामा म्हणतो. यापलीकडे आमची मजल गेली नव्हती.

मामा गाडीत बसले आणि आम्ही वणीच्या रस्त्याला लागलो. वेग वाढला तसा आवाज वाढला. उजवीकडे वळताना जास्त, डावीकडे वळताना कमी. मामा डोळे मिटून ऐकत होते.

"डावं बेअरिंग गेलं," ते म्हणाले. "घरी करू."

या "घरी करू"वर मागं बसलेल्या माझ्या बायकोनं कपाळाला हात लावला. तीनच महिन्यांपूर्वी मामांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्याआधीच्या वर्षात त्यांनी बरेच पराक्रम केले होते. शेजारणीचा मिक्सर दुरुस्त केला, तो उलटा फिरायला लागला. स्वतःच्या स्कूटरला दुसऱ्याच मापाचा नट ठोकून बसवला. बायकोचं म्हणणं होतं की आता पुरे.

"आप्पा, हे ब्रेकजवळचं काम आहे. नजर पूर्वीसारखी नाही तुमची."

"डोळा नवा करून आणलाय. एक काम करू दे," मामा म्हणाले. "डोळ्यानं दगा दिला, तर सगळे पाने उचलून घेऊन जा. मी परत हात लावायचो नाय."

ते हे सहज बोलले नव्हते. रोज सकाळी चहा झाला की ते ओट्यावर बसून एकेक पाना फडक्यानं पुसतात आणि मापाप्रमाणे लावून ठेवतात. मग कुणाचं तरी काही मोडलेलं येतं आणि दिवस जातो. पाने गेले तर हा माणूस दिवसभर करणार काय, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं. त्यांनाही त्याची धास्ती होती. त्या दिवशी त्यांनी जेवताना भाकरी निम्मीच खाल्ली.

रविवारी काम सुरू झालं. सासूबाईंनी माझ्यासाठी खुर्ची आणली, खुर्चीवर उशी ठेवली आणि पोह्यांची बशी हातात दिली. जावयानं चाकाला हात लावला तर आळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांचं मत आहे. मी उशीवर बसून सासऱ्यांना चाक खोलताना पाहत होतो आणि मला फार लाज वाटत होती. शेवटी पोहे ओट्यावर ठेवून मी सरळ जमिनीवर मांडी घातली. सासूबाई आत निघून गेल्या आणि मामांनी न बघता माझ्यासमोर हात पसरला. "सतराचा."

मी सतराचा पाना दिला. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी इतका खूष झालो की पुढचे तीन पाने चुकीचे दिले.

बेअरिंग दाबून बसवायला प्रेस लागतो. तो जवळच्या लेथवाल्याकडे आहे. मामा चाकामागचा लोखंडी भाग घेऊन एकटेच त्याच्याकडे गेले, जुनं बेअरिंग काढून नवं बसवून आणलं, दुपारपर्यंत गाडी चार चाकांवर उभी केली. आम्ही चक्कर मारायला निघालो. घूं घूं बंद! गाडी अशी गुपचूप चालत होती की मामांनी काच खाली करून बाहेर डोकं काढलं आणि ऐकण्यासारखं काहीच नाही म्हणून समाधानानं हसले. मीही हसलो. मागच्या सीटवर बायकोही हसली.

मग समोर पिवळा दिवा लागला. एबीएस.

जोरात ब्रेक मारला तर चाकं जागच्या जागी घट्ट होऊन गाडी घसरू नये, याची काळजी घेणारी ती यंत्रणा. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, तो चाक किती फिरतंय ते मोजत राहतो. त्यातला एखादा गप्प बसला की दिवा लागतो.  बायकोनं "आप्पा" एवढंच म्हटलं, तेही अगदी हळू.

पुढचा आठवडा मात्र असा मजेचा गेला की तसे आठवडे मी आयुष्यात फार थोडे जगलो असेन. रोज शाळा सुटली की मी थेट ओझर गाठायचो. मामांनी सेन्सरची हातभर लांबीची वायर बोटांनी चाचपून पाहिली, कुठं चिमटली नव्हती. जोड खोलून साफ केला. दिवा कायम. मग त्यांनी डाव्या चाकाचा सेन्सर उजव्याला आणि उजव्याचा डाव्याला लावला. मी एका गॅरेजवाल्या मित्राकडून स्कॅनर मागून आणला होता. तो स्टिअरिंगखाली खोचला की चारही चाकांचा वेग मोबाईलवर आकड्यांत दिसतो. बायकोला आम्ही वाचायला बसवलं.

"वीस, वीस, वीस, शून्य," ती म्हणाली.

"शून्य कोणतं?"

"डावं पुढचं."

"जोरात घ्या, पाहुणे."

"चाळीस, चाळीस, चाळीस, शून्य. आप्पा, तीन चाकं पिंपळगावला निघाली, एक घरीच बसलंय."

मला हसू आवरेना. मामांनाही आवरेना. खरंतर हसण्यासारखं काही नव्हतं. सेन्सरची अदलाबदल करूनही शून्य डावीकडेच राहिलं, म्हणजे सेन्सर चांगले होते. दोष चाकातच होता, आणि चाकात मामांनी हात घातला होता. हे त्यांच्याही ध्यानात आलं. उतरताना ते म्हणाले, "नजरेतून सुटलं असंल काहीतरी," आणि चपला न काढताच घरात गेले.

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं माझं ऐकून घेतलं, तसलंच नवं बेअरिंग काढलं आणि ड्रॉवरमधून स्टेपलरच्या पिना घेऊन त्याच्या एका बाजूवर सोडल्या. पडल्या. दुसरी बाजू काळपट होती, तिच्यावर सोडल्या. तिथं त्या अलगद चिकटून राहिल्या.

"या काळ्या बाजूत चुंबकाची पट्टी आहे. सेन्सर हीच मोजतो. ही बाजू आत, सेन्सरकडं पाहिजे. तुमच्या फिटरनं उलटं बसवलं असणार."

मी विचारलं, "दुसरं काही कारण?"

तो म्हणाला, "घरचाच माणूस आहे का? मग माल खराब निघाला म्हणून सांगा ना."

मी नवं बेअरिंग घेतलं, त्याच्याकडूनच चार पिना घेऊन खिशात टाकल्या आणि ओझरपर्यंत खोटं बोलण्याची तालीम केली. कारकून असून मला खोटं बोलता येत नाही, ही माझी जुनी अडचण आहे. तरी मी मामांना सांगितलं की बेअरिंगच खराब निघालं, बदलून आणलंय.

चाकामागचा भाग पुन्हा खोलून आम्ही दोघं लेथवाल्याकडे गेलो. त्यानं प्रेसवर मधला भाग दाबून काढला आणि बेअरिंग उघडं पडलं. बाहेरच्या बाजूला काळी कड. मी पटकन म्हणालो, "चला, काढा आणि फेका."

"थांबा," मामा म्हणाले. "खराब कुठंय ते दाखवा मला."

तीस वर्षं विमानांचे पार्ट बसवण्यात काढलेल्या माणसापुढं कुणी खराब मालाची थाप मारू नये. मी खिशातून पिना काढल्या आणि त्या कडेवर टेकवल्या. चिकटल्या. आणि जे होतं ते सगळं सांगून टाकलं. लेथवाल्यानं मशीन बंद केलं. मला वाटलं, आता उद्यापासून ओटा रिकामा. 

मामा वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नंबर बाहेर ठेवला मी."

"काय?"

"हा काय, इथं नंबर कोरलाय. आमच्याकडं पार्ट बसवायचा तर नंबर बाहेर. इन्स्पेक्टर आला की न खोलता वाचता आला पाहिजे. आत गेला तर पार्ट रिजेक्ट. हात आपोआप फिरला." त्यांनी हातभर अंतरावरून तो सगळा नंबर वाचून दाखवला, आकडे, अक्षरं, मधली तिरकी रेघसुद्धा.

मी बघितलं. मला तिथं ओरखडेच दिसले. चष्मा लावला तरी आठ आहे की तीन, कळेना. लेथवाल्यानं मोबाईलवर फोटो काढून मोठा केला आणि मामांनी म्हटलं तसाच नंबर त्यावर होता, एकही आकडा चुकला नव्हता. तो म्हणाला, "काका, लय बारीक हाय हो हे." मग आम्ही तिघंही हसायला लागलो. मामांच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. नव्या डोळ्यातूनही आणि जुन्यातूनही.

नवं बेअरिंग काळी बाजू आत ठेवून बसलं. घरी येऊन चाक लावलं. बायको आमच्या मुलीला शाळेतून घेऊन परस्पर ओझरलाच आली होती. तिला मोबाईल दिला आणि आम्ही निघालो. "वीस, वीस, वीस, वीस," ती म्हणाली. पिवळा दिवा विझला. तिनं आकडे पुन्हा दोनदा वाचले, मग मोबाईल खाली ठेवला.

"म्हणजे उलटं बसवलं होतं तुम्ही, आप्पा."

"हो."

"चूक तुमचीच ना मग?"

"माझीच," मामा म्हणाले. "पण आपलं ठरलं होतं डोळ्याचं. डोक्याचं काय ठरलं नव्हतं."

  मग तिनं मागून हात पुढं केला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला, आणि म्हणाली, आमच्या घरचा मिक्सर आठवडाभर बंद आहे, उद्या आणून टाकते.