गुंगीतली हाक

एका सोमवारी दुपारी जेवून गजाननदादा ओटीवर आडवा झाला आणि उठला नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. महिन्यापूर्वी बसवलेली हृदयाची झडप शेवटपर्यंत नीट चालत होती. भुलीचा तर यात काही संबंधच नाही, हेही त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं होतं...

दादा माझा चुलत भाऊ. थळ गावात आमच्या दोन घरांमध्ये कंबरेएवढी भिंत आहे. तो तांडेल, बोटीवरचा मुख्य माणूस. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावणारा. तो मला ‘पुस्तक्या’ म्हणायचा. लहानपणी एकदाच मी त्याच्याबरोबर समुद्रावर गेलो होतो. अंधार पडला की तो सुकाणूवरून एकेकाला हाक मारायचा, “हायस का रं?” ज्याचं नाव घेतलं त्यानं झोपेतूनही “हाय” म्हणायचंच. ओ आली नाही तर तो बोट थांबवायचा.

छाती न उघडता जांघेतल्या रक्तवाहिनीतून झडप बसवायचं ठरलं, तेव्हा भूलतज्ज्ञ बाईंनी समजावलं, की पूर्ण भूल देता येईल, किंवा जांघ बधिर करून हलकी गुंगी. गुंगीत माणूस लवकर उठून बसतो, पण त्याच्या मनाची तयारी हवी. बाहेर आल्यावर दादानं माझा दंड धरला. “मना काय कलाला नको. सगला झोपवा.” त्याला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण मी आठवडाभर याच विषयावर वाचत बसलो होतो. गुंगीच बरी, हे वाचलेलं सांगून त्याला पटेना, तेव्हा वहिनींसमोर म्हणालो, “तांडेल ना तू? बंदरावर सांगू का, गजानन सुईला भ्याला म्हणून?”

वहिनी हसल्या. “सांगा, भावजी. वादलाला भ्यायचा न्हाय, न् सुईला भितो!”

दादाही हसला. आत जाऊन हो म्हणाला.

सगळं सुरळीत पार पडलं. संध्याकाळी तो बसून चहा प्यायला. वहिनी बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, “मधीच बोट उलटते तसा वाटला रं. मी तुना हाक मारली.”

मी तेव्हा दाराबाहेर मांडीवर पुस्तक घेऊन बसलो होतो.

“मग?”

“बाई बोलल्या, आम्ही आहोत काका. चांगली हाय बाई... पन तू न्हवतास.”

निवड चुकली, असं आजही कोणी म्हणणार नाही. वाचलेलं खरंच होतं. त्याला ते पटलं मात्र नव्हतं. मी त्याला लाजवून गप्प केलं होतं.

घरी आल्यावर रोज दिवेलागणीला तो भिंतीपलीकडून विचारायचा, “पुस्तक्या, हायस का रं?” मी हातातलं टाकून “हाय” म्हणायचो. त्यानं मला कधी बोल लावला नाही.

तेरावं झाल्यावर एका संध्याकाळी त्याच वेळी वहिनींचा आवाज आला, “भावजी, हाव का?” मी हातातलं टाकून भिंतीपाशी पोचेपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलं.

आता रोज त्या हाक मारतात. त्या वेळी मी भिंतीपाशीच असतो.