निम्म्या ताकदीचं क्विनाइन

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट उमगलेलं नाही.

लढाईच्या काळात कोरेगावात माझा दवाखाना होता. पेठेत मी एकटाच डॉक्टर — मग पलीकडच्या आळीत लाटकर डॉक्टर आले. रोग्यापाशी बसून निवांत बोलणारा माणूस. हळूहळू माझ्या बाकावरची माणसं त्यांच्या ओट्यावर दिसू लागली. मला राग आला का? आला असावा. पण मी भांडलो नाही, दर उतरवले. त्यांनीही उतरवले. लोक खूश होते — आणि तोवर त्यात वाईट तरी काय होतं?

मग क्विनाइन मिळेनासं झालं. घरोघरी हिवताप, आणि माल सगळा काळ्या बाजारात. लाटकरांनी औषधाचे दर वाढवले. मी वाढवले नाहीत.

एकदा ते स्वतःच दवाखान्यात आले.

"तुम्हाला या भावात कुठून मिळतं? मलाही मिळवून द्या. लोक मला लुटारू म्हणायला लागलेत."

"साताऱ्याला एक ओळखीचा होता," मी म्हणालो. "आता त्याच्याकडचंही संपलं."

त्यांनी विश्वास ठेवला. पुढं दवाखाना बंद करून ते सांगलीला निघून गेले.

ओळखीचा कोणी नव्हताच. मी बाटलीत क्विनाइन निम्मंच घालत होतो — कधी त्याहूनही कमी — आणि कडूपणासाठी काडेचिराइताचा काढा. ताप दबायचा, जायचा नाही. माणूस परत यायचा, परत बाटली न्यायचा. स्वस्त स्वस्त म्हणत लाटकरांपेक्षा मलाच जास्त देऊन जायचा. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

हौसा नावाची बाई होती. नवरा पलटणीत, ब्रह्मदेशाकडं. लाटकर तेव्हा अजून गावातच होते; त्यांच्या औषधानं तिला उतार पडत होता. पण सासऱ्यानं तिला माझ्याकडं आणलं.

"आवं डाक्टर, त्ये लय म्हाग लावत्यात. तुमचं औषिद बी त्येच न्हवं?"

"तेच," मी म्हणालो.

ताप उलटत राहिला. शेवटी तो डोक्यात गेला आणि ती बोलायची थांबली. माझ्या कपाटात पूर्ण ताकदीच्या गोळ्या होत्या — घरच्यांसाठी ठेवलेल्या. आठवण झाली नाही, असं म्हणता आलं असतं. झाली होती. मी कपाट उघडलं नाही. हौसा गेली.

लढाई संपल्यावर तिचा नवरा परत आला. खांद्यावर गुळाची ढेप घेऊन दवाखान्यात आला, ती टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला.

"आबा म्हनत व्हते, तुमी लय केलंत तिच्यासाठी. माज्या मागं कुनीतरी बगाय व्हतं, त्येवढं बरं वाटलं."

तो माझ्याकडं बघत होता. एक वाक्य बोललो असतो तर? — बोललो नाही.

"बसा," म्हणालो, आणि ढेप आत पाठवली.