उतावळी टाळी

टीव्हीवरच्या त्या गीतलेखन स्पर्धेला गाणी देशभरातून यायची, टाळ्या मात्र एकाच माणसाच्या खोलीतून. म्हणून तिथल्या ध्वनिमुद्रकांना सगळे टाळीमास्तर म्हणत. पहिल्या वर्षी सभागृह खच्चून भरलं होतं, तेव्हा त्यांनी टाळ्यांची टेप करून ठेवली. पुढे पडदा रंगीत झाला, परीक्षक जाऊन प्रेक्षकांचे फोन आले, खुर्च्या ओस पडल्या. मास्तर दर गाण्यानंतर तीच टेप लावायचे. घरी बसून बघणाऱ्यांना काय, सभागृह भरलेलंच वाटे.

त्या टेपमध्ये सगळ्यांच्या आधी एक टाळी पडते. ती मास्तरांच्या बायकोची. बाई मुलखाची उतावळी, गाणं संपायचीसुद्धा वाट बघायची नाही. मुलगी रांगत होती तेव्हाच बाई देवाघरी गेली, तिथंही घाईच. तिचा दुसरा कुठलाच आवाज मागे उरला नाही. "जुनी झाली ती टेप, टाका आता," असं साहेब म्हणाले, की मास्तर बहिऱ्याचं सोंग घ्यायचे.

यंदा मुलीचंच गाणं शेवटच्या फेरीत आलं.

"बाबा, माझ्या गाण्याला टेप लावायची नाही हं," तिनं बजावलं. "हरले तर हरले."

मास्तरांनी शब्द दिला. स्वतःच्या हाताचा भरवसा नव्हता, म्हणून टेपची वायरच उपसून ठेवली. पण समोर माणसं जेमतेम, पोरीचा आवाज कापरा. गाणं संपल्यावर कुणी हातच हलवला नाही तर पोर खचेल, या भीतीनं ते खोलीच्या काचेशी जाऊन उभे राहिले.

शेवटची ओळ अजून अर्धी होती, तोच टाळी पडली. एकच. दुसऱ्या रांगेतून, आणि त्या रांगेत कुणीच बसलं नव्हतं. मास्तरांनी वळून टेपकडे पाहिलं. टेपचं चाक जागचं हललं नव्हतं. पोरीचा आवाज मात्र एकदम सुटला, आणि ओळ संपताच सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं.

नंबर काही आला नाही. तरी मुलगी हसतच खोलीत शिरली.

"बाबा, दुसऱ्या रांगेतली ती बाई कोण हो? गाणं पुरं होऊ देईना! पण तिला बघून माझी भीतीच गेली."

मास्तरांनी वायर जोडली, टेप लावली. पुन्हा लावली. सगळे हात एकदमच वाजले. त्यांच्या आधी वाजणारी टाळी टेपमध्ये नव्हती.

"सांगून तरी जायचं गं," ते टेपला म्हणाले आणि मुलीसमोर ढसाढसा रडले.